पांढरी पाच, जरा चढी

याकोबकाकांनी टेंपो दाराशी आणून उभा केला, तेव्हा मी व्हरांड्यात येऊन तोंडावर बोट ठेवलं. आईचा नुकताच डोळा लागला होता. फाळकं आपटू नये म्हणून काकांनी त्याच्याखाली स्वतःची मांडी दिली आणि ते अलगद उतरवलं. मग ते आणि पपा, दोघंही सत्तरीला टेकलेले, मधे एक भलंथोरलं खोकं धरून पायऱ्या चढू लागले. पपा उलट्या पावलांनी चढत होते.

“शमू, मागं पायरी आहे.”

“माझ्या घराची पायरी मला सांगतोस?”

“पायरी तुझीच आहे. गुडघे कुणाचे आहेत ते बघ.”

खोकं हॉलमध्ये टेकवून दोघंही त्याच्यावरच रेलले. मी पाणी आणून दिलं आणि आत काय आहे ते विचारलं. पपांनी सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. अँप्लिफायर आहे, म्हणाले. व्हॉल्व्हचा. आणि मी तो भलत्याच कशाचा तरी समजेन अशी शंका आल्यासारखं त्यांनी पुढे जोडलं, “गिटारचा.”

मी आईच्या खोलीकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. दारामागून ऑक्सिजनच्या मशीनची घरघर येत होती. त्या घरघरीची आम्हाला इतकी सवय झाली होती की वीज गेली आणि ती थांबली, की आम्ही तिघंही दचकायचो.

मी तेव्हा पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते आणि बिनपगारी रजा घेऊन नगरला येऊन राहिले होते. आईची फुप्फुसं आतून सुकत चालली होती. डॉक्टरांनी समजावताना वेलीवर वाळलेल्या घोसाळ्याचं उदाहरण दिलं होतं. आकार तोच राहतो, पण आतल्या जाळीत ओल उरत नाही. बरं होण्यातलं दुखणं नव्हतं. तिला शांत ठेवायचं, दचकू द्यायचं नाही, खोकल्याची उबळ येऊ द्यायची नाही, एवढंच आमच्या हातात होतं. ते मी फार घट्ट धरून ठेवलं होतं. कुकरची शिट्टी मी बंद केली होती. दारावरच्या बेलची वायर काढून ठेवली होती. दूधवाल्याला किटली वाजवू नको म्हणून सांगितलं होतं. आणि त्या घरात पपांनी, माझ्याजवळ एक अक्षर न काढता, गिटारचा अँप्लिफायर आणून ठेवला होता.

स्वयंपाकघरात नेऊन मी त्यांना दबक्या आवाजात बरंच काही बोलले. ते ओट्याला टेकून ऐकत राहिले. तंत्रशाळेत पोरांना वेल्डिंग शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवय त्यांना तिथेच लागली असावी, कारण ठिणग्या उडत असताना कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही. माझं झाल्यावर म्हणाले, “एकदा लावून बघू दे, सुवा. नंतर तू म्हणशील ते.”

“आईला त्रास झाला तर?”

“तर संध्याकाळी याकोब परत घेऊन जाईल.”

याकोबकाकांना केडगावला एका लग्नाचा मांडव घालायचा होता. तिथून परतताना दिवस मावळायच्या सुमाराला ते टेंपो घेऊन पुन्हा येणार होते. म्हणजे संध्याकाळपर्यंतची मुदत. मी हो म्हटलं. संध्याकाळी तो परत जाणार याची मला खात्री होती.

आमच्या घरात दोन संगीतं होती आणि ती एकमेकांत कधी मिसळली नाहीत. आई चर्चच्या क्वायरची प्रमुख होती. माझ्या जन्माच्या आधीपासून रविवारच्या उपासनेतली गीतं तिचा हात उघडला की सुरू व्हायची आणि मिटला की थांबायची. पपा याकोबकाकांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्नं, गणपती, साखर कारखान्याचे वर्धापनदिन. काका ड्रम वाजवायचे आणि निवेदनही करायचे. पुढे ऑर्केस्ट्राचे दिवस संपले तेव्हा त्यांनी उरलेल्या स्पीकरांवर मांडव आणि साउंडचा धंदा उभा केला. पपांच्या कार्यक्रमाचा चमकीचा शर्ट आई इस्त्री करून द्यायची, पण कार्यक्रमाला ती कधी गेली नाही. गिटारला ती करवत म्हणायची. पपा मागच्या पत्र्याच्या खोलीत गिटार वायर न जोडता हळू वाजवायचे. हॉलमध्ये आईची बाजाची पेटी असायची. दोघांनी मिळून एक ओळसुद्धा कधी वाजवली-गायलेली मला आठवत नाही. एखाद्या घरात एकाला तिखट चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही, तसंच हे असणार, असं मला लहानपणी वाटायचं.

गेल्या महिन्यात क्वायरच्या बायका आईला भेटायला आल्या होत्या. पलंगाभोवती उभ्या राहून त्यांनी तिच्या आवडीचं एक गीत हळू आवाजात म्हटलं. दुसऱ्या कडव्याला आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना वाटलं तिला झोप आली. त्या गेल्यावर ती मला म्हणाली, “त्यांना परत बोलावू नको.” पपा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यानंतर आईनं बोलणंच कमी केलं. एक बोट वर केलं की पाणी, तळहात वळवला की उशी. डॉक्टर म्हणाले, चांगलंच आहे, श्वास वाचतो. मीही तसंच समजत होते.

खोकं फोडलं तेव्हा आतून एक काळी, जड, लोखंडी कोपऱ्यांची पेटी निघाली. वर पकडायला मूठ, पुढे जाळी, कपाळावर ओळीनं बटणं. काका तिच्याभोवती म्हशीच्या बाजारात फिरावं तसे फिरले. “परदेशी माल आहे, सुवाबाई. आमच्या वेळी असला डबा फक्त फोटोत बघायचो. हाय गेन म्हणतात याला.”

मी म्हटलं, म्हणजे मोठा आवाज.

“आवाज वेगळा आणि गेन वेगळा,” पपा म्हणाले.

“दोन्ही मोठेच असणार.”

 पपांनी फ्रिजची पिन काढून तिथून वायर हॉलमध्ये ओढून घेतली. आईच्या मशीनच्या लाइनला त्यांना हात लावायचा नव्हता. मग भिंतीवरची गिटार उतरवली, कापडानं पुसली आणि जोडली. पेटीला चालू करायची दोन बटणं होती. पहिलं लावलं तरी काहीच झालं नाही. पूर्वीचा रेडिओ तापायला वेळ घ्यायचा ना, तसंच आहे, पपांनी सांगितलं. मागच्या जाळीतून व्हॉल्व्ह नारिंगी होताना दिसले. काकांनी मला चहा टाकायला सांगितलं, तोवर तापतंय म्हणाले. मी चहा टाकायला गेले ही त्यांची सोय झाली.

मांडवात साउंड लावणाऱ्यांची एक रीत असते. अनोळखी मशीन समोर आलं की सगळी बटणं अर्ध्यावर आणायची. मग आवाज ऐकून एकेक वर किंवा खाली. याकोबकाकांचा हात चाळीस वर्षं तसाच वळत आला होता. पपा गिटारचा पट्टा गळ्यात अडकवत होते तेवढ्यात काकांनी सगळी बटणं अर्ध्यावर आणली आणि दुसरं बटण लावलं. पपांनी फक्त एक तार बोटानं शिवली.

तो आवाज मी ऐकला असं मला म्हणता येणार नाही. तो लागला. मांडणीवरची दोन झाकणं खाली आली, शोकेसच्या काचा थरथरल्या, आणि ते थांबेपर्यंत आईच्या खोलीतून तो दुसरा आवाज सुरू झाला होता, ज्याच्या भीतीनं मी घराला महिनोन्महिने कापूस लावून ठेवला होता.

मी धावले. ती उठून बसली होती. नळी नाकातून निसटून गळ्याशी आली होती. एका हातानं मी नळी सारखी केली, दुसरा तिच्या पाठीवर ठेवला. खोकला एकदा सुरू झाला की तिचं सगळं शरीर त्याच्या स्वाधीन व्हायचं आणि आपण फक्त बाजूला बसायचं. ओठांचा रंग जाऊन परत यायला बराच वेळ लागला. पपा दारात उभे होते. गिटार गळ्यात तशीच होती आणि उजवा पंजा त्यांनी तारांवर असा दाबून धरला होता, जसं काही तो काढला तर पुन्हा तेच होईल.

“आजच परत जाऊ दे,” मी म्हटलं.

“जाईल.”

काका जाताना पायरीवर थांबले. चूक त्यांची होती असं दोनदा म्हणाले. घर केवढं असतं तेच विसरायला झालं, मांडवात आयुष्य गेलं. मी त्यांना संध्याकाळी लवकर या म्हणाले. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलं असावं, कारण नेहमीसारखा काही विनोद न करता ते टेंपोत बसले.

दुपारी आई उशांना टेकून पडली होती, डोळे उघडे. मी तिच्या पायांना तेल लावत होते. हॉलमधून एक बारीकसा आवाज येतोय असं मला वाटलं. आधी वाटलं, मशीनच दुसरीकडून ऐकू येतंय. मग उठून पाहायला गेले. पपांनी अँप्लिफायर पुन्हा लावला होता. आवाजाचं बटण जवळजवळ मिटलेलं, त्याच्या शेजारचं गेनचं मात्र पार शेवटपर्यंत फिरवलेलं. ते वाजवत नव्हते. गिटार मांडीवर घेऊन खुर्चीतल्या खुर्चीत थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे वळत होते. ते वळले की पेटीतली घुमघुम कमी-जास्त होत होती. ती बंद कशी करावी ते शोधत असावेत.

मी म्हटलं, “पपा, ते बंद करा आणि खोक्यात भरा.”

“गरम आहे. व्हॉल्व्ह गार झाल्याशिवाय हलवता येत नाही.”

“मग बंद केल्याशिवाय गार कसं होणार?”

 ते बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात खोलीतून आई बोलली.

“पांढरी पाच.”

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो. आठवडाभरात तिनं न विचारता काढलेला तो पहिला शब्द होता.

“जरा चढी,” ती म्हणाली.

पांढरी पाच म्हणजे आईच्या बाजाच्या पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी. आई सगळ्या जगाचे आवाज त्या पट्ट्यांत मोजायची. शाळेची घंटा काळी दोन, शेजारच्या गिरणीचा पट्टा पांढरी तीन. पपा उठून तिच्या दाराशी गेले. दोन्ही मशीनं एकाच करंटवर चालतात, म्हणून एकाच सुरात घुमतात, पन्नास सायकलचा करंट पांढरी पाचच्या किंचित वर बसतो, असं काहीतरी त्यांनी घाईघाईनं समजावलं. आई त्यांच्याकडे बघत राहिली.

“इतके महिने तेच ऐकतेय,” ती म्हणाली. मधे थांबली. “रात्रंदिवस नाकाशी. बेसूर. सांगायचं कुणाला?”

तिला शांतता मिळावी म्हणून मी बेलची वायर काढली होती. आणि ती इतके महिने एका चढ्या सुराच्या शेजारी झोपत होती. मला ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

पपांनी विचारलं, “गिटार त्याच्या बरोबरीला चढवू का? म्हणजे निदान एकमेकांत तरी बसतील.”

आईनं मानेनं हो म्हटलं. मग मला खुणेनं सांगितलं की खुर्ची उंबऱ्याशी घे. नळी उंबऱ्यापर्यंत पुरत होती. तिला आधार देऊन मी आणून बसवलं, पाठीशी उशी लावली, पायांवर शाल टाकली. तिनं त्या काळ्या पेटीला वरून खाली एकदा न्याहाळलं. सून बघायला आलेल्या बाईनं बघावं तसं.

“एवढी मोठी?” तिनं विचारलं.

“आवाज मोठा नाही करणार.”

“मघाशी कोण ओरडलं मग?”

“तो याकोब.”

तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पपांनी खुंटी थोडीशी पिळली, तार ओढली, ऐकलं, आणखी केसभर पिळली. गिटारचा सूर आणि घुमघुम एकमेकांवर बसले तेव्हा दोघांमधली ती बारीक थरथर नाहीशी झाली. मशीनची घरघर मला त्या दिवशी पहिल्यांदा सुरेल वाटली.

“पुढं काय?” आई म्हणाली. “टुण्ण करून मरणारच ना?”

“बघ तरी.”

पपा खुर्ची पुढे सरकवून पेटीला अगदी खेटून बसले. त्यांनी एक तार छेडली आणि गिटारची मान पुढे करून तिचं डोकं पेटीच्या लाकडाला टेकवलं. नुसतं टेकवलं. सूर आला तो फार मोठा नव्हता, आम्ही कुजबुजलो असतो तर ऐकू गेलं असतं एवढाच. गिटारसारखाही नव्हता. ठोका ऐकू आला, मग ठोक्यामागून जे आलं ते तसंच राहिलं. पेटी हलत होती, पेटीमुळे तार हलत होती, तारेमुळे पुन्हा पेटी. पपांचा हात आता तारेवर नव्हताच.

आई तो सूर मरायची वाट पाहत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. क्वायरमध्ये एखादी नवी मुलगी उंच सूर लावायची तेव्हा आई अशीच भुवई उचलून बघायची, हिचा किती वेळ टिकतोय. भुवई वर गेली आणि वरच राहिली.

“मेला नाही अजून,” शेवटी ती म्हणाली.

“टेकवून ठेवलं की नाही मरत.”

“कधीपर्यंत?”

“तू हात मिटेपर्यंत.”

 सूर चालू होता. मग आईनं माझ्याकडे पाहिलं आणि थांबत थांबत, एकेका श्वासाला दोन-तीन शब्द, असं सांगितलं. लग्न ठरायच्या आधी पपांनी तिला विचारलं होतं, नाताळच्या कार्यक्रमात माझ्या गिटारबरोबर गाशील का. ती एकोणीस वर्षांची होती आणि क्वायरमध्ये तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. ती म्हणाली होती, तुमचा सूर जन्मला की मरायला लागतो, मी गाऊ कुणाबरोबर?

“परत कधी विचारलं नाही यांनी,” आई म्हणाली. आणि मग त्यांना, “अहो, एवढं मनात ठेवून बसलात?”

पपांनी गिटारचं डोकं पेटीवरून हलू दिलं नाही. “खरंच होतं ना ते. मरायचाच.”

मला तेव्हा वाटलं की आता उठावं आणि बटण बंद करावं. इतक्या वर्षांनी त्यांच्याजवळ न तुटणारा सूर आला होता, आणि तिच्याजवळ एक वाक्य पुरं करण्याइतकासुद्धा श्वास नव्हता. यापेक्षा क्रूर भेट कुणी कुणाला आणली नसेल. आईच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं.

“आता तुमच्याकडं आहे,” ती म्हणाली, “आणि माझ्याकडं नाही.”

“म्हणून तर आणला,” पपा म्हणाले. “मी धरून ठेवतो. तू जमेल तेव्हा ये, नको तेव्हा थांब. तो कुठं जात नाही.”

आईनं शाल बाजूला केली. पाठ उशीपासून सोडवून ती सरळ बसली, आणि तिचा उजवा हात वर आला, तळवा उघडा. तो हात मी कित्येक महिन्यांत तसा वर आलेला पाहिला नव्हता. गीताच्या शेवटचं आमेन. त्याला सगळ्यांत वरचा आवाज एकाच सुरावर राहतो, खाली बाकीचे बदलतात. तिनं तोच सूर घेतला.

आवाज फाटका होता. कडेनं हवा जात होती. ‘आ’ सुरू झाला, आणि मी तो पुरता ऐकायच्या आत संपला. पण संपल्याचं ऐकू आलं नाही, कारण तिथे गिटार होती. आईनं तोंड मिटलं, नळीतून श्वास घेतला, घाई न करता, आणि पुन्हा त्याच जागी आली. जिथं सोडलं होतं तिथंच. पुन्हा थोडा वेळ. पुन्हा गेली. पपा तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचं सगळं लक्ष गिटारच्या डोक्यावर होतं, ते लाकडावरून सुटू नये म्हणून. मला त्यांचा फक्त कान दिसत होता, तो लाल झाला होता.

क्वायरमध्ये आईचा एक कायदा होता. सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारीण घेईल तेव्हा तू धर, तू घेशील तेव्हा ती धरेल. सूर कुणा एकीचा नसतो, त्याला भोक पडता कामा नये. कोण केव्हा घेणार ते ती बोटानं दाखवायची. मी पंधराव्या वर्षी क्वायर सोडली होती. माझा आवाज बरा होता, पण आईच्या हाताखाली उभं राहायला मला आवडायचं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं की नाही हे आम्ही कधी बोललो नाही.

तिचं बोट माझ्याकडे वळलं.

मी नाही अशी मान हलवली. बोट तिथंच राहिलं. तिचा श्वास चालू होता, आणि पुढच्या वेळी तिला जास्त लांब थांबावं लागणार हे तिला दिसत होतं. मी गायले. घशात वर्षानुवर्षांची धूळ असल्यासारखा आवाज निघाला, आणि तो लागायच्या आतच तिच्या चेहऱ्यावर नापसंती उमटली. मग तिनं खालच्या सुराकडे खूण केली, तू तिथं जा. मी गेले. ती पुन्हा आली. आता गिटार होती, मी होते, आणि मधेच ती होती. मधेच नव्हती. ती कुठे थांबते आणि कुठे परत येते ते हळूहळू मला ऐकू येईनासं झालं.

तिनं ‘मेन’साठी बोटं जराशी उचलली. आम्ही तिच्यामागून ‘मेन’वर गेलो. मग हात हवेत थोडा थांबला आणि मिटला. पपांनी गिटारचं डोकं उचललं, पंजा तारांवर ठेवला. खोलीत फक्त घुमघुम राहिली.

आई मागे टेकली. डोळे मिटूनच तिनं माझी चूक सांगितली, ‘मे’वर तू अजून तोंड उघडत नाहीस. मग पपांना म्हणाली, “उद्या अर्धा सूर खाली घ्या. वर नाही जमत मला.”

“आत्ताच घेतो,” पपा म्हणाले, आणि लगेच खुंट्या सैल करू लागले.

हे चालू असतानाच बाहेर टेंपो थांबला. याकोबकाका चपला हातात घेऊन, चोरपावलांनी आत आले. उंबऱ्याशी खुर्चीत बसलेली आई, पेटीला खेटून पपा, आणि मी मधे जमिनीवर. त्यांनी तिघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. “भरायचा ना?” त्यांनी मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत आईनं त्यांना एक बोट दाखवलं आणि ते आडवं हलवलं.

“बरं,” काका म्हणाले. “खोकं तरी नेतो मग. लग्नात भांडी भरायला होईल.” खोकं घेऊन ते गेले आणि टेंपो बराच वेळ सुरू झाला नाही.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही तो एक सूर घ्यायचो. बाकी गीत कधी नाही, फक्त शेवटचं आमेन. काही दिवस पहिल्या दिवशी उतरवलेल्या सुरावरच गेले. मग आई म्हणाली, आणखी थोडं खाली. पपांनी उतरवलं. पुढे ती म्हणायची थांबली, नुसती बोटं खाली करायची, आणि पपा कधी पुरा सूर, कधी केसभर खुंटी सोडायचे. तारा सैल होत गेल्या. छेडल्या की त्या गिटारच्या मानेवर आपटून खरखर करायच्या, पण एकदा डोकं टेकवलं की खरखर जायची आणि खालचा, जाड, मातीतून आल्यासारखा सूर उरायचा. शेवटी शेवटी ती तोंड उघडायची आणि त्यातून काही यायचं नाही. पपा धरून ठेवायचे, मी गायचे, आणि ती बरोबर तिच्या जागी ओठ मिटायची. हात मात्र दर वेळी तीच मिटायची. तो कधी आमच्यापैकी कुणी मिटला नाही.

ऑगस्टात ती गेली. प्रेतयात्रेच्या दिवशी क्वायर भरून आली होती आणि फार चांगली गायली.

पपा नंतर नऊ वर्षं होते. गिटार हॉलमध्ये भिंतीवर होती. ते ती दर शनिवारी पुसायचे. वाजवताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. याकोबकाकांनी एकदा नव्या तारा आणून दिल्या होत्या. त्या पाकिटासकट कपाटात तशाच होत्या. मागच्या वर्षी घर आवरताना मी गिटार उतरवली आणि एक तार छेडली, तेव्हा मला कळलं की आईनं शेवटच्या दिवशी बोटं जिथं खाली केली होती तिथून पपांनी खुंट्या फिरवल्याच नव्हत्या. हवेनं तारा उतरतात आणि चढतात हे मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांनी तो नेमका तोच सूर असेल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तरी मी खुंट्यांना हात लावलेला नाही.

गिटार आणि अँप्लिफायर, दोन्ही आता पुण्याला माझ्या घरी आहेत. सुटीच्या दिवशी दुपारी, शेजारी कुणी नसताना, मी पेटी लावते, ती तापेपर्यंत थांबते, आणि गिटारचं डोकं लाकडाला टेकवते. सूर येतो आणि राहतो. मग मी त्याच्यावर आवाज ठेवून बघते. तो फार खाली आहे. माझा आवाज तिथवर अजून पोचत नाही. पण वयाबरोबर थोडा थोडा उतरतोय.